डबडं फेका म्हणे

१३ जानेवारी, गारखेडा

वाळूजच्या कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून लॅपटॉप दुकानात नेला. बॅटरी चार्ज धरत नाही आणि सुरू व्हायला पंधरा-सोळा मिनिटं घेतो. दुकानदारानं उघडूनसुद्धा बघितलं नाही. "ताई, म्हातारं झालंय हे डबडं, फेका."

फेका? नामांतराच्या लढ्यातल्या आबांच्या आठवणी यातच टाइप केल्यात, उद्या विद्यापीठाच्या गेटवर वाचायच्यात. दुसरीकडं कॉपी ठेवली नाही, ही चूक माझीच. पण तो कोण फेका म्हणणारा?

घरी येऊन बटण दाबलं, तर पडदा काळाच. मी टेबलावर हात आपटला.

आबा म्हणाले, "नावासाठी आम्ही सोळा वर्षं थांबलो. तुला सोळा मिनिटं जड झाली व्हय?"

थांबलो म्हणे! शेवटी पडदा उजळला, फाइल उघडली, तर समोर त्यांचंच वाक्य: "हात मोडला, पण मोर्चा सोडला नाही." याला थांबणं म्हणतात?