दुसऱ्याच्या नावाचा शर्ट

विल्बर, नेब्रास्का
४ मे १९६९

चि. डीन यास आईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

व्हिएतनामहून पाठवलेला फोटो पोचला. आपण वोंड्रा, मग तुझ्या छातीवर ‘टूली’ कोण? रोझामावशी विचारते, पोरगं तिकडे परस्पर दत्तक गेलं की काय! बाह्या बोटांवर लोंबताहेत, पँट गुडघ्यावर फाटलेली. घरी भावाचा मोजासुद्धा घालायचा नाहीस तू. मला हे काही बरं वाटत नाही. खरं काय ते लिही, आणि जेवत जा.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी, आई

१२ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. अगं, इथे रानात घाम आणि चिखलाने कपडे अंगावरच कुजतात. मग हेलिकॉप्टरमधून धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं येतं आणि आम्ही तुटून पडतो. हाती लागेल तो शर्ट आपला, नावाची पट्टी कोण बघतो? टूली आमच्याच तुकडीतला, आर्कान्सासचा, ताडमाड. सध्या माझा शर्ट त्याच्या अंगात आहे, बटणं तुटायला आलीत. म्हणतो, वोंड्रा खानदान फारच किरकोळ! नाव-नंबर कोरलेले ओळखीचे बिल्ले गळ्यात खुळखुळतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते बुटाच्या नाडीत ओवलेत. मावशीला सांग, दत्तक जायचंच तर श्रीमंताकडे जाईन.

माया असू द्यावी.
तुझा, डीन

१९ मे

चि. डीन, असशील तिथे आशीर्वाद.

काल तार आली. तुझ्या डोक्याला जबर मार आहे, शुद्ध नाही. बाबा खुर्चीतून उठलेले नाहीत. आणि आज तुझं शर्टाचं पत्र आलं! तारेच्या आधीचं आहे, तरी त्यालाच धरून बसलेय. चर्चमध्ये गेले आणि काय मागितलं सांगू? तुझ्या नावाचा तो शर्ट अजून टूलीच्याच अंगात असू दे. लाज वाटली, तरी पुन्हा तेच मागितलं. एक ओळ लिही रे. नाहीतर कुणाकडून तरी लिहवून घे.

आई

२७ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे. टूली गेला. नेताना त्याचे बूट बिल्ल्यांसकट कुठेतरी हरवले, मग छातीवरचं नाव वाचून त्यांनी तुला कळवलं. मी गेल्याचंही कळवलं असेल, ते खोटं. सार्जंटनं चूक वर कळवलीय, पण कागद हलायला वेळ लागतो. आज टूलीच्या आईकडून केक आला. लिहिते, वाईट बातमी नाही म्हणजे पोर खुशाल असणार. कुणालाच खाववेना. तिचा पत्ता मागे लिहिलाय. तूच काहीतरी कर.

डीन

३ जून

चि. डीन यास उदंड आयुष्य.

तू गेल्याचं सांगायला लष्करी गाडी दाराशी येऊन गेली होती. नंतर तुझं पत्र! मी भर रस्त्यात ओरडले. मावशीनं गावभर खसखशीचे गोड पाव वाटले. मला मात्र चैन नाही. उद्याच्या बसने आर्कान्सासला, टूलीच्या आईकडे निघतेय. बाबा म्हणतात, दोन सांत्वनाचे शब्द बोल आणि परत ये. पण मी जे मागितलं ते मला मिळालंय, डीन, आणि ते तिच्या घरातून आलंय. चर्चमधलं तिला सांगणार आहे. मग तिनं तोंडावर दार लावलं तर लावू दे.

तुझी, आई