चार कोपऱ्यांची हळद

५ मार्च १९९४
आज हद्द झाली! लोणंदचे व्यापारी बाळासो सहकुटुंब आले — आहेर घेऊन. आण्णांनी त्यांना रिकाम्या पोत्यांसाठी कार्ड टाकलं होतं. आमचं हळदीचं दुकान, आण्णांची बोटं कायम पिवळी. कार्डाचे कोपरे पिवळे दिसले, म्हणजे लग्नाचंच पत्र! मजकूर वाचतो कोण? त्यांची बायको विचारते, "नवरी कुठं हाय?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. जेवू घालून पाठवलं.

९ मार्च
वडूजची मंडळी मला बघून गेली. मुलगा पृथ्वीराज, शेतीच्या मोटारी दुरुस्त करतो. बैठक दुकानाच्या माडीवर, खाली हळद चाळायला काढलेली. बिचारा जो शिंकायला लागला! "तुमचं नाव —" की फटाक. शेवटी न विचारताच सांगितलं, क्रांती. मला लय आवडला. संध्याकाळपासून एकटीच हसतेय.

१० मार्च
आत्याचा नकार. "माशी शिंकली तरी काम अडतंय, हितं तर नवराच शिंकला." आण्णा एवढे पेठेत गरजतात, पण थोरल्या बहिणीपुढं मांजर.

घरची-दारची सगळी पत्रं मीच लिहिते. म्हणजे हेही मीच. आण्णांना सांगायची एकच तऱ्हा ठाऊक — "आपला नमुना पाहिला. माल उत्तम, परंतु आमचे पेठेस मानवणारा नाही. सबब सौदा रद्द समजावा."
म्हटलं, "आण्णा, माणूस आहे तो."
"मग वर चि. लाव."

लिहिलं. रडू आलं. मग हळदीत बोट बुडवलं. दोन कोपरे माखले, तोच आत्या जिन्यात. कार्ड आण्णांच्या खिशात गेलं, पेटीत तेच टाकतात. दोन कोपऱ्यांनी काय होणार?

१३ मार्च
आत्यानं आष्ट्याचा एक मुलगा काढलाय. शिंकत नाही म्हणे. बोलतही नाही.

१७ मार्च
वडूजहून टेम्पो आला! अख्खी भावकी, साडी, साखर, पुढं हलगी. पेठ गोळा झाली. आत्या दारात आडवी. "नकार कळवला होता की आमी."

पृथ्वीराजच्या आजोबांनी, आकारामतात्यांनी, कार्ड वर धरलं. "आवं, चारी कोपरं पिवळं हायती. येवढं दिसल्यावर वाचत बसायचं व्हय?"

पृथ्वीराजनं वाचलं असणारच. तोंडावर रुमाल धरून शिंकत होता की हसत होता, कळेना. आत्या म्हणाली, दुकानातली हळद लागली असंल. तेव्हा आण्णा पहिल्यांदा बोलले, "आक्का, दारात आलेली साखर माघारी धाडायची? पेठ बघतीया." आत्या दारातून बाजूला झाली. मला कुंकू लागलं!

पण चारी? मी तर दोनच —

१८ मार्च
आण्णा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवून गेले. जाताजाता हळूच म्हणाले, "पोरी, शुभकार्याच्या पत्राला दोनच कोपरं लावत्यात व्हय गं?"