पाचव्या पोकळीतलं नाव

पुराचा तिसरा महिना, दिवस २

पोचलो एकदाचे! पाणी इतकं चढलंय की नाव थेट राजाच्या थडग्यासाठी रचत असलेल्या दगडी डोंगराच्या पायथ्याशी लागली. माझ्या बायकोला, रेनपेतला, आठवा महिना, तरी उतरताना तिने माझा हात धरला नाही. उलट गेरूची मडकी फोडू नका म्हणून मलाच दटावलं. घर दोन खोल्यांचं, चूल अंगणात, शेजारी नुबेत नावाची सुईण. आणखी काय हवं? भाकरी जाड, बिअर घट्ट, कांदे पोटभर.

मी हिरव्या टोळीचा नवा खुणाकार. दगडांवर गेरूच्या सुताने सरळ रेघा मारायच्या, टोळीचं नाव घालायचं, रोजच्या कामाची नोंद ठेवायची. सरकारी नोंद पानाच्या पुढच्या बाजूला. मागची बाजू माझी. कोरी कशाला वाया घालवा?

दिवस ४

टोळी सगळी दक्षिणेची, आणि मी उत्तरेच्या दलदलीतला. त्यामुळे पहिल्याच दिवशी माझं नाव बेडूक पडलं. मुकादम वाशप्ताहने सगळ्यांसमोर विचारलं की बेडकाला चढण चढता येते की टोपलीत घालून न्यायचा. सगळे खिदळले. मीही हसलो. नव्या सुनेने आणि नव्या नोकराने दुसरं काय करायचं?

काम मात्र डोळे दिपवणारं आहे. राजाची मेल्यावर निजायची खोली तयार आहे. तिच्यावर सगळा डोंगर भरीव चढवला तर छत पिचेल, म्हणून वर एकावर एक पाच बुटक्या पोकळ्या सोडायच्या, प्रत्येकीवर तांबड्या दगडाच्या तुळया. चार झाल्या, पाचवी चालू आहे. आत रांगतच जावं लागतं. तिथे मी टोळीचं नाव घालायचं. वरून तुळया बसल्या की ते कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही, पण रीत ती रीत.

आधीचा खुणाकार कुठे गेला म्हणून विचारलं, तर सगळे एकदम कांदे सोलायला लागले.

दिवस ७

परवा घातलेलं टोळीचं नाव आज भिंतीवर नव्हतं. पुसट नाही, डाग नाही, भिंत कोरडी ठणठणीत. वाशप्ताहने माझ्या गेरूला नावं ठेवली, मग माझ्या बापाला. उत्तरेकडे गेरूत चिखल कालवतात का, म्हणाला. मी पुन्हा घातलं.

दिवस ८

पुन्हा नाही.

माझं तोंड बघून टोळीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कोणीतरी माझ्या बिअरमध्ये वाळू टाकली. शेवटी वाशप्ताह जवळ बसला आणि पहिल्यांदाच गोड बोलला. म्हणाला, अरे बेडका, पोकळीला टोळीचं नाव नको असतं, एका माणसाचं लागतं. खालच्या चारही पोकळ्यांत खुणाकारांनी आपापलं नाव घातलंय. तूही घाल. राजाबरोबर कायमचा जगशील, फुकटात.

खरं सांगतो, अंग मोहरलं. आमच्यासारख्यांना वाळूतला खड्डा मिळाला तरी नशीब, आणि इथे थेट राजाच्या डोक्यावर जागा!

दिवस ९

नाव घातलं. माझं नाही. माझं काय, अर्धं आयुष्य सरलं. येणाऱ्या बाळाचं नाव आम्ही ठरवून ठेवलंय: आंखू. म्हणजे जितंजागतं. जन्मायच्या आधीच बापाने त्याला अमर करून टाकलं! रेनपेतला सांगितलं तेव्हा ती रडली आणि हसली.

दिवस १०

नाव टिकलंय. मी सगळ्यांना ओरडून दाखवलं. हे कोणाचं नाव, वाशप्ताहने विचारलं. मी सांगितलं.

कोणी हसलं नाही. वाशप्ताहने माझ्या थोबाडीत मारली. तुझं घाल म्हटलं होतं गाढवा, तुझं, एवढंच तो म्हणत राहिला.

दिवस ११

बाळ हालत नाही.

रेनपेत म्हणते झोपलं असेल. नुबेतने पोटाला कान लावला, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता चुलीशी गेली.

दिवस १२

वाशप्ताहला गाठलं. आता त्याने सगळं ओकलं. दगडात पोकळी सोडली की तिला मालक लागतो. नाव दिलं नाही तर ती आपणहून माणूस उचलते. पहिल्याच पोकळीच्या वेळी टोळीतले तीन जण तसे गेले. तेव्हापासून नव्या खुणाकाराचं नाव देतात. चारही खुणाकार महिन्याभरात झुरून मेले. बाहेरचा माणूस, कोणाला काय त्याचं, असं तो माझ्या तोंडावर म्हणाला.

मी त्याचा गळा धरला. सहा जणांनी सोडवला.

दिवस १३

गारगोटीने नाव खरवडलं. बोटं सोलली. सकाळी पुन्हा तिथेच, ओलं.

आत काहीतरी रडतं. बारीक. तान्ह्यासारखं. टोळीलाही ऐकू येतं — ते मोठ्याने गाणी म्हणत तुळया ओढतात.

दिवस १४

पोट गार पडत चाललंय. रेनपेत अंथरुणावरून उठत नाही. मी तिला काय सांगू? मीच लिहिलं. माझ्या हाताने —

वाशप्ताह म्हणतो, एक नाव काढून दुसरं घालता येतं. पण त्या नावाचा माणूस आत हवा. स्वतः. उद्या दुपारी शेवटची तुळई.

दिवस १५

आत आहे. वाशप्ताहने दिवा दिला. माझ्याकडे बघवलं नाही त्याला. न बघो.

आंखू खरवडलं. त्यावर माझं घातलं. रडणं थांबलं.

तुळई सरकते आहे. हातभर फट उरली.

नुबेत चढणीवरून ओरडत आली — हललं! लाथ मारली त्याने! रेनपेत उठून बसली — मी इथे अंधारात एकटाच हसतोय —

पान फटीतून देतो. वाशप्ताह, शपथ आहे तुला, तिला वाचून दाखव. रेनपेत, त्याचं नाव दुसरं ठेव. कोणतंही. पण आंखू म्हणून हाक मारू नकोस, कधीच. मी आत्ता सहज म्हणून पाहिलं, हळूच, एकदाच — आणि इथे कोणीतरी ओ दिली. तान्हं नाही. मोठ्या माणसाच्या आवाजात. अगदी माझ्या मागून, आणि आता ते रांगत