पाहुण्याला नाक्यापर्यंत

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
१२ फेब्रुवारी २००६

ती. सौ. अनसूयाताईस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली कोकमं पोचली. आभार नंतर मानेन, कारण हे पत्र रागात लिहितेय. राग तुझ्या लाडक्या मेहुण्यांवर आहे.

टेम्पोच्या धडकेत ह्यांचा गुडघा गेला, तेव्हापासून भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनपुढे उभं राहणं बंद झालंय, हे तुला ठाऊकच आहे. ठाण्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावलाय. टेम्पोचा विमा आहे, त्यामुळे पैसे कंपनीने द्यायचे, ड्रायव्हरच्या खिशातून जाणार नाहीत, हे आमच्या वकील स्वातीमॅडमनी सिल्व्हर पार्कच्या ऑफिसात दोनदा समजावलं, तेव्हा कुठे हे सहीला तयार झाले.

परवा विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला. पाय कसा आहे हे बघायलाच आलेला माणूस! ह्यांनी आधी काठी दाराआड लपवली. त्याला चहा-चिवडा दिला, पायाचं विचारलं तर देवाच्या कृपेने उत्तम आहे म्हणाले, आणि घरी आलेल्याला दारातूनच कसं पाठवायचं म्हणून रिक्षा मिळेपर्यंत, थेट नाक्यावर, चालत सोडायला गेले. त्याने सगळं तसंच लिहून नेलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. दावा फेटाळला गेला तर खोली विकून गावी यावं लागेल, आणि आमच्या संचिताची शाळा मध्येच सुटेल. जीव थाऱ्यावर नाही बघ.

लवकर दोन ओळी लिही, ओरडलीस तरी चालेल.
तुझी,
उर्मिला


गुहागर
२० फेब्रुवारी २००६

चि. सौ. उर्मिलास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग तुझ्या काळजीने घास उतरेना. साखरपुड्यात आपल्या कुत्र्याने पोटरी धरली, तेव्हासुद्धा महिपतराव काही नाही, काही नाही म्हणत पोहे खात होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं आपण!

भरपाई मागणं म्हणजे हात पसरणं, असं त्यांना वाटतंय. त्यांना विचार, शेजाऱ्याचा रेडा भातात शिरला तर आपण नुकसान भरून घेतो, तेव्हा काय भिकारी होतो? औषधपाणी झालं, पगार बुडाला, गुडघा पुढेही साथ देणार नाही, तेवढंच मागायचंय. आणि हेही सांग, की कोर्टात शपथ घेऊन मी बरा आहे म्हणाले, तर ते खोटं बोलणंच झालं. एवढा सरळ माणूस, इथे नक्की अडेल.

तू रडत बसू नकोस, वेळेवर जेव. आशीर्वाद भरपूर पाठवलेत, पुरवून वापर.
तुझी,
ताई


गोडदेव
४ ऑगस्ट २००७

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला! दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार आणि गुडघा कायमचा अधू झाला त्याची भरपाई, सगळं मंजूर झालं. खोली राहिली, संचिताची शाळाही राहिली. हे आता बसून करायचा धंदा शोधताहेत.

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने विचारलं, नाक्यापर्यंत चालत गेलात की नाही. हे म्हणाले, गेलो. मग हेच म्हणाले की साहेब, परत कसा आलो तेही विचारा. भाजीवाल्याच्या हातगाडीवर, कोबीशेजारी बसून आले होते म्हणे! पाहुण्यासमोर कण्हणं बरं दिसत नाही म्हणून गेलो, पण शपथेवर खोटं बोलवत नाही, असंही म्हणाले. पुढच्या तारखेला भाजीवाल्याने येऊन तेच सांगितलं. अख्ख्या गल्लीने ती वरात पाहिली होती, मीच तेवढी गिरणीत दळण घेऊन गेलेली, आणि मला सांगू नका म्हणून ह्यांनी सगळ्यांना बजावलेलं. जजसाहेबसुद्धा हसले.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. साक्ष देऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरताना हे मध्येच थांबले, चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून भार टाकला आणि म्हणाले, की फार दुखतंय गं. ताई, इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिथेच रडू फुटलं, आणि खरं सांगते, आनंदाने फुटलं. घरी येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही, आणि मीही काढू दिला नाही.

माया आहे तशीच ठेव, कमी वाटली तर भांडायला येईन.
तुझी,
उर्मिला