पाय आहेत तोवर

२ मार्च

पोहोचले एकदाची. बसवाल्याने फाट्यावर सोडलं. तिथून बॅग ओढत चालत आले, कारण रस्ता कच्चा आणि बॅगेचं एक चाक बसमध्येच निखळलेलं. फाटकापाशी काकू उभ्या होत्या. ठेंगण्या, गुबगुबीत, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. फोनवरचा आवाज आणि समोरचं माणूस यांचा मेळ सहसा बसत नाही, इथे लगेच बसला. बॅग त्यांनी हिसकावूनच घेतली. म्हणाल्या, आमच्याकडे पाहुणा पहिल्या दिवशी काही उचलत नाही, दुसऱ्या दिवसापासून सगळंच उचलतो.

करार साधा आहे. सकाळी गोठा, मग मळा, दुपारनंतरचा वेळ माझा. बदल्यात खोली आणि जेवण. सहा वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या कानांवर काड्या बसवल्या. दुकान बंद पडल्यावर धाकटी म्हणाली, घरात बसलीस तर भिंती खायला उठतील, जा कुठेतरी. माझी ही बहीण मला ताई म्हणते आणि वागते थोरलीसारखी.

खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर आहे. उतरतं छप्पर, लोखंडी खाट, खिडकीतून गोठा दिसतो. फळ्यांमधून भाजत्या पावाचा वास वर येतो. काकूंचे यजमान जनावरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात, काकूसुद्धा. ते फार बोलत नाहीत. जेवताना त्यांनी माझ्या भुकेचं कौतुक केलं, तेही भुवई उंचावून.

५ मार्च

आज धार काढली. म्हणजे मी बसले आणि दूध काकूंनी काढलं. तांबड्या गाईने मागे वळून असं पाहिलं की जणू मी तिच्याकडे नोकरीला लागलेय. तसं ते खरंच आहे म्हणा.

इथे तिसरं माणूस आहे, मास्तर. चाळिशीचे असतील. दोन्ही काखांत कुबड्या, पाय जमिनीवर घासत येतात. शेंगा सोलणं, पाव भाजणं, भांडी, शिवण, सगळी बैठी कामं त्यांच्याकडे. काकूंनी सांगितलं की लांबचा भाचा आहे, गाईच्या लाथेने अधू झाला, आम्ही सांभाळतो. मास्तर शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हात सालटलेत. झोप मात्र अशी लागते की मेल्यासारखी.

१३ मार्च

काकूंनी माझ्या हातांना रोज मलम चोळायचं व्रतच घेतलंय. आईनंतर असं कुणी केलं नव्हतं. त्यांचा मुलगा परदेशी गेला तो गेलाच. त्याची खोली बंद असते. त्याच्यानंतर माझ्यासारखे कितीतरी येऊन गेले, असं त्या म्हणाल्या. माणसं येतात, जीव लावतात, मग एक दिवस बॅग भरतात. हे सांगताना त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या आणि चोळायच्या थांबल्या होत्या.

मोबाइलला इथे रेंज नाही. रविवारी स्वयंपाकघरातल्या फोनवर धाकटीशी बोलले. तिला शेणाचं वर्णन ऐकवलं. तिने फोनवरच नाक मुरडलं, मला ऐकू आलं.

१९ मार्च

मास्तर पहिल्यांदा नीट बोलले. काकू मळ्यात होत्या. ते शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे आले होते. मी म्हटलं, मावशीकडे सुट्टीला, छान. ते हसले नाहीत. म्हणाले, काकू माझ्या कुणी नव्हेत, मी तुझ्यासारखाच आलो होतो. मग हळूच म्हणाले, जायचं ठरलं तर सांगून जाऊ नकोस. नुसती जा.

मला ते विचित्रच वाटलं. खाल्ल्या घरचा निरोपही न घेता जायचं? माणूस एकटा राहिला की मनात काहीबाही येत असेल. काकूंना यातलं काही बोलले नाही. उगाच त्यांना वाईट वाटायचं.

२४ मार्च

धाकटीने काम शोधलंय माझ्यासाठी! डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्यांचा विभाग. एकीकडे आनंद, दुसरीकडे या घराची सवय झालेली. जेवताना सांगून टाकलं की शनिवारी निघेन. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, बटाट्याची लावणी तेवढी पुरी करून जा. मी म्हटलं, अर्थात.

मास्तर ताटावरून उठून गेले.

२९ की ३०

खाटेवर आहे. उजवा पाय गुडघ्यापर्यंत बांधलेला, डावाही. गाईने लाथ मारली म्हणतात. काकू उशाशी बसून रडल्या, चमच्याने भरवलं, कपडे बदलले. मला लाथ आठवत नाही. गोठ्यात गेलेलंच आठवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी निरोपाचं म्हणून गोड दूध दिलं होतं, ते आठवतं. पेला धुवायला उठले तेही आठवतं.

कोणती गाय, असं विचारलं. काकू म्हणाल्या तांबडी. नंतर डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले. ते म्हणाले काळी.

धाकटीला कळवलंय, असं काकूंनी सांगितलं. दवाखान्यातल्या कामाचंही त्यांनीच नाही म्हणून कळवलं. माझी काळजी मिटावी म्हणून.

२ एप्रिल

इंजेक्शन दिलं की जीभ जड होते. शब्द तोंडातच लोळतात. हात चालतो, म्हणून लिहितेय. काकूंनी वही पाहिली. घेतली नाही. लिही बाळा, मन हलकं होतं, म्हणाल्या. पेन्सिलीला टोक करून दिलं.

त्यांना या वहीची काहीच भीती वाटत नाही. काल रात्रभर मी याचाच विचार करत होते.

६ एप्रिल

आज पट्ट्या बदलल्या. डॉक्टरांनी उशी तोंडावर धरायला सांगितली, पण मी पाहिलं. नडगी धड आहे. कुठे निळं नाही, सूज नाही. टाचेच्या वर, जिथे जाड शीर असते तिथे, आडवी शिवण. दोन्ही पायांना. एकाच उंचीवर. सुबक, शिंप्याने घातल्यासारखी.

गाय अशी लाथ मारते का?

पाऊल हलवायला गेले. हलत नाही. मी सांगते आणि ते ऐकत नाही, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

७ एप्रिल

मास्तर जेवण घेऊन आले. कुबड्यांवर तोल सांभाळत, ताट गळ्यात बांधलेल्या फडक्यात. जिना चढायला त्यांना किती वेळ लागला ते खालपासून ऐकत होते. मी नुसतं त्यांच्या पायांकडे बोट केलं. त्यांनी खाटेच्या कडेवर बसून मोजे उतरवले. तीच शिवण. जुनी, पांढरी पडलेली.

मी रडत होते. ते म्हणाले, पहिलं वर्ष अवघड जातं.

१० एप्रिल

काकूंनी स्वतःच सांगितलं. माझे केस विंचरताना. आवाज चढवला नाही की खाली आणला नाही. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, दुखत नाही जास्त, म्हणाल्या. मुलगा गेला तेव्हा त्या फाटकापर्यंत धावल्या होत्या आणि त्याने वळून पाहिलंही नाही. तेव्हा त्यांना समजलं.

"पाय आहेत तोवर माणूस परकंच असतं गं. एकदा बसलं की आपलं होतं."

मग वेणी घातली. घट्ट.

१४ एप्रिल

धाकटी आली.

रविवारी माझा फोन नाही, काकूंचं गोड बोलणं तिला पटेना, म्हणून बसमध्ये बसली आणि आली. खालून तिचा आवाज ऐकला आणि किंचाळले. तोंडातून घोगरं काहीतरी निघालं. डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की तापाने भ्रम झालाय, भलतंसलतं बोलते, मनावर घेऊ नकोस.

तिने दार लावून घेतलं. मी वही दिली. उभ्या उभ्या वाचली. मधेच खाली बसली. मग माझ्या पट्ट्या सोडल्या आणि बघितलं. धाकटी लहानपणापासून रडकी नाही. आजही रडली नाही, फक्त पट्टी परत बांधताना तिला गाठ जमेना.

मी लिहून दाखवलं, तू आत्ता जा. फाट्यापर्यंत पळ. कुणालातरी घेऊन ये.

म्हणाली, "तुला या दोघांच्या हवाली टाकून जाऊ? वेड लागलंय का?"

सकाळी दुधाची गाडी फाटकाशी येते. गाडीवाला धट्टाकट्टा आहे, मी पाहिलंय. ती त्याला वर घेऊन येणार, तो मला उचलून नेईल. तोवर ती हसतखेळत राहणार, इथलं काही खाणार नाही, पिणार नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगेल.

मी पुन्हा लिहायला हवं होतं की जा. पेन्सिल हातात होती. नाही लिहिलं. ती इथे, माझ्या खाटेला टेकून बसली होती, आणि मला ती जायला नको होती.

१५, सकाळ

दुधाची गाडी आली. ऐकली. इंजिन चालूच होतं. कॅन ठेवल्याचे आवाज. कुणाच्या पळण्याचा आवाज नाही.

गाडी गेली.

धाकटी पहाटे तोंड धुवायला खाली गेली ती

१५, नंतर

मास्तर आले. दारातच उभे राहिले. काल दाराबाहेर होते म्हणाले. सगळं ऐकलं. काकूंना सांगितलं. धाकटी काही खात-पीत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मागून सुई टोचली, नळाशी ती वाकलेली असताना.

मी हातातला पेला फेकला. लागला त्यांना. कपाळातून रक्त आलं, त्यांनी पुसलं नाही.

"तुम्ही दोघी गेला असतात," म्हणाले. "मग इथे मी परत एकटा."

आणि म्हणाले, दोघी बहिणी बहिणी आहात, तुम्हाला सोपं जाईल. असं म्हणाले. मनापासून.

१५, दुपार

काकू आणि डॉक्टरांनी तिला वर आणलं. चादरीत. मुलाच्या खोलीतली खाट आणून माझ्या खाटेला लावली. काकूंनी तिच्या तोंडावरची बट बाजूला केली. किती गं गोड, म्हणाल्या. तुझ्यासारखीच जिवणी.

ती श्वास घेतेय. मी मोजत नाही, नुसती बघतेय.

खाली पाणी उकळत ठेवलंय.

थोड्या वेळाने

डॉक्टर सांगून गेले. मास्तरांचे हात हल्ली थरथरतात, काकूंना रक्त बघवत नाही. पाय कुणीतरी घट्ट धरावा लागतो. पाय हलला तर पातं खोल जातं, मग पाय कापूनच काढावा लागतो. मागे एकीचं तसं झालं होतं. ती वाचली नाही.

म्हणून मी धरायचा.

नाही म्हणाले. मान हलवली, जिभेने जमेल तसं म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. तुझी मर्जी, म्हणाले. धरला नाहीस तरी मी करणारच आहे.

—

तिचा पाय माझ्या मांडीवर ठेवलाय. तळव्याला अजून रस्त्याची माती आहे. फाट्यापासून चालत आली होती.

औषध कमी पडलंय बहुतेक. पापण्या हलतायत. मी डॉक्टरांना सांगितलं. ते हात धुतायत, म्हणाले पुरेल.

ती बोलली. डोळे मिटलेलेच. ताई, निघालो का आपण?

हो म्हणाले. जीभ एवढी वळली. हो गं, निघालो, झोप तू.

हसली.

डॉक्टर म्हणतायत वही बाजूला ठेव, दोन्ही हातांनी ध—