वीस पौंडांचा नियम

निपाणी,
६ ऑगस्ट १९४७

प्रिय मालू,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. सोबतची भाषणाची नक्कल तीनदा वाचली. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच, ओळीवर ताठ उभं. ट्रेनिंग कॉलेजातल्या बाईंनी कौतुक केलं म्हणतेस, करणारच. पण मालू, पंधरा तारखेला हे भाषण तू करू नकोस. आणि त्या दिवशी गाव माझी गुळाची तुला करणार आहे, तीही व्हायची नाही. काल तुलेची तयारी करणाऱ्या मारुतीरावांना वखारीत बोलावून तसं सांगून टाकलं. ते आधी हसले. म्हणाले, "पंत, गूळ कमी पडंल म्हणून भिताय व्हय? तुमच्या वजनाचा गूळ जमवायला तीन गावं फिरलो, पण जमलाय न्हवं!" मग माझं तोंड बघून जवळ सरकले. कारण विचारलं, ते सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला हवं, मग गावाला. आणि कळल्यावर तू मला अण्णा म्हणशील की नाही, याची भीती वाटते. पंधरा वर्षं या एकाच भीतीनं तोंड शिवून बसलोय.

भाषणात तू लिहिलंयस, "माझ्या आप्पांनी हट्ट केला आणि ते गेले. अण्णांनी वेळीच उपास सोडला, म्हणून मला शिकवायला कुणीतरी उरलं." टाळ्या घेणारी वाक्यं आहेत, खोटं कशाला बोलू. तुझा दोष नाही. आईनं तुला लहानपणापासून हेच सांगितलं. तीच अंबुबाई अजून सणाला बोरगावात मला जेवायला बसवते आणि पोळी वाढता वाढता पुटपुटते, "पोरीपरीस उपास मोठा झाला मेल्याला." मी पुरणपोळीचा घास पाण्याबरोबर ढकलतो, आणि ती म्हणते, अण्णा, सावकाश जेवा.

तू तेव्हा चार वर्षांची. तुझा आप्पा, भरमू, तुला आठवतो म्हणतेस, पण तुला आठवतो तो मी सांगितलेला भरमू. खरा असा होता: उंचीला बेताचा, अंगावर मांस म्हणून नाही, आणि दोघांनी धरायचं तंबाखूचं पोतं एकटा खांद्यावर घ्यायचा. बोरगावचं रान उरकलं की हंगामभर आमच्या वखारीत काट्यावर असायचा. पोतं काट्यावर पडायच्या आधीच त्याचं वजन सांगायचा आणि एक-दोन शेरांनीसुद्धा चुकायचा नाही. बत्तीस साली मी सत्याग्रहाला निघालो तेव्हा मी त्याला नको म्हटलं होतं. "तुमी जाताय, तर मी काय हितं काटा पुसत बसू?" म्हणाला, आणि आला. दोघांनाही एकेक वर्षाची सजा लागली. तुरुंग कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या भिंतींवर ढकलून मला माझं ओझं हलकं करून घ्यायचं नाही.

आत एका म्हाताऱ्या कैद्याच्या पायांत दांडाबेडी ठोकली, म्हणून आम्ही अकराजणांनी अन्न सोडलं. फक्त मीठ घातलेलं पाणी. रोज सकाळी दवाखान्यात नेऊन डॉक्टर आमचं वजन करायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. पहिल्या दिवशी मी दोनशे बारा पौंड, तुझा आप्पा एकशे चार. सगळे हसले. माझ्यात दोन भरमू बसले असते आणि वर एखादं कोकरू. माझं तेव्हाचं अंग तू बघितलं नाहीस, पण आत्ताचं बघतेसच. काय सांगू, सगळं परत आलं, पौंडन् पौंड.

तिसऱ्या सकाळी माझे सात पौंड उतरले होते. भरमूचे अडीच. मी घाबरलो गं. सात पौंड! वाटलं, या हिशेबानं पंधरवड्यात मी संपलो. त्याच दुपारी मी सगळ्यांपुढं नियम मांडला. ज्याचे वीस पौंड उतरतील त्यानं उपास सोडायचा, आणि त्याला कुणी भेकड म्हणायचं नाही. बाकीच्यांनी पुढं चालवायचं. वकील असो, कुळवाडी असो, बामण असो की मराठा, सगळ्यांना माप एकच. सगळ्यांना ते फार आवडलं. आपली चळवळ समतेची, तर उपासही समतेचा, असं एकजण म्हणालासुद्धा. मला स्वतःचा अभिमान वाटला. पण तू शिकलेली आहेस, तूच बघ. हा नियम मी पहिल्या दिवशी केला नव्हता. माझे सात उतरल्याचं ऐकल्यावर केला.

मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. जन्म तंबाखूत गेला माझा. ओल्या पानाचं जड पोतं पहिल्या आठवड्यात धडाधड घटतं, म्हणून त्याला कुणी रडत नाही. सुक्या पोत्याचं वजन फारसं हलत नाही, पण जरा हिसका बसला की पानाचा चुरा. सुक्याला जास्त जपायचं, हे नव्या गड्यांना शिकवायचा कोण? भरमू. माझ्या अंगात उतरायला पुष्कळ होतं म्हणून ते भराभरा उतरत होतं. त्याच्याजवळ घालवायला काही नव्हतंच. शंभरातले दहा आणि दोनशेतले दहा सारखे नसतात, हे शाळेतलं पोर सांगेल. वीस पौंड उतरेपर्यंत तो जगणारच नव्हता. हे अकरा जणांत एकालाही सुचलं नाही, आणि ज्याला सुचायला हवं होतं त्यानं सुचू दिलं नाही.

उलट त्याची चेष्टा सुरू झाली. सहाव्या की सातव्या दिवशी त्याचा आकडा कालच्याइतकाच भरला. कुणीतरी म्हणालं, "काय रं भरमू, भाकरी कुठं लपवलीयास?" झालं! तेव्हापासून रोज सकाळी तीच थट्टा. भरमू चोरून खातोय, भरमूला वॉर्डर सासरा भेटलाय, असलं काहीबाही. हसणाऱ्यांत मी होतो, मालू. मी त्याचा मालक, त्याचा अण्णा. मी एकदा डोळे वटारले असते तर सगळे गप्प बसले असते. दुसऱ्या दिवसापासून तो काट्यावर चढताना सदरा काढून ठेवायला लागला. बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग उघडं टाकून खाली बघत उभा राहायचा. मग मला कळलं की तो पाणीही टाळतोय, सकाळी आकडा उतरलेला दिसावा म्हणून. मी रागावलो. रागावलो म्हणजे काय, "वेडा आहेस का?" एवढं बोललो आणि कुशीवर वळलो.

अकराव्या दिवशी माझे वीस भरले. डॉक्टरनं आकडा सांगितला तेव्हा सगळ्यांनी माझा जयजयकार केला. वीस पौंड दिले पंतांनी, केवढा त्याग! मला दवाखान्यात हलवलं, संत्र्याचा रस दिला, मग दूध. उपास सोडताना माझ्याकडे अजून एकशे ब्याण्णव पौंड शिल्लक होते. भरमूचे अकरा गेले होते, त्याच्याकडे त्र्याण्णव. माझ्या मागोमाग दोन दिवसांत आणखी दोघं आले, दोघंही माझ्यासारखेच भरलेले. सतराव्या सकाळी तुझा आप्पा काट्यावर चढायला गेला आणि पायरीवरच बसला. दोघांनी धरून चढवला. अठ्ठ्याऐंशी. काट्यावरून उतरवून त्याला जमिनीवर निजवलं, आणि तिथंच तो गेला. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याची बेडी काढली. आम्ही जिंकलो म्हणे.

त्याचे सोळा उतरले होते. नियमाला चार कमी. मालू, ही वजाबाकी पंधरा वर्षांत माझ्या डोक्यातून एक दिवस गेलेली नाही. वखारीत भर दुपारी बायका पानं झाडत असतात, धुराळा उडत असतो, आणि तो सदरा काढून काट्यावर येऊन उभा राहतो. मी बघायचं नाही म्हणतो आणि बघतो. तो मान वर करत नाही. एकदाच करील तर बरं, असं वाटतं. मी तीनदा काटा बदलला. शेवटी वजन घेणंच सोडलं, ते काम मुनीम करतो. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, अभिषेक झाले. तुझी काकू म्हणते, तुम्ही झोपेत आकडे बोलता. तिला वाटतं धंद्याचे. आणि या माणसाला आता गाव तराजूत बसवणार, दुसऱ्या पारड्यात गूळ घालणार, आणि वरून फुलं! मारुतीराव बिचारे भले आहेत. त्यांना काय ठाऊक.

लोक म्हणतात पंतांनी भरमूची लेक पोटच्या पोरीसारखी सांभाळली. तुझी पुस्तकं, बेळगावचं वसतिगृह, सुट्टीत तुला आणायला गाडी. तू सातवी पास होऊन आलीस आणि माझ्या पाया पडलीस, तेव्हा मला दाराबाहेर पळून जावंसं वाटलं. सुरुवातीला ते प्रायश्चित्तच होतं, कबूल करतो. पण तू घरात येऊन चहात साखर जास्त झाली म्हणून माझ्यावर डाफरायला लागलीस, माझ्या पोटावरून माझी टिंगल करायला लागलीस, आणि मग ते प्रायश्चित्त राहिलं नाही. नुसती माया राहिली. ती खोटी नव्हती गं. बाकी काहीही खोटं म्हण.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो, हात थांबायच्या आत. तेराव्या दिवशी, मी दवाखान्यात दूध पीत बसलेला असताना, भरमू भिंतीला धरधरत माझ्याकडे आला होता. जवळ कुणी नव्हतं. म्हणाला, "अण्णा, मी बी सोडू का? डोळ्यांम्होरं अंधारी येतीया. मालूला एकडाव बगावं वाटतंय. तुमी सोड म्हणला तर सोडतो." माझ्या ओठांवर दूध होतं. मनात आलं, हा बारा पौंडांवर सुटला तर माझ्या विसांची काय किंमत राहिली? मी म्हणालो, "अरे, तुझे बाराच तर उतरलेत. तुझ्यात दम आहे अजून. दोन-चार दिवस काढ, नाहीतर लोक म्हणतील, चोरून खात होता तेच खरं." तो म्हणाला, "व्हय अण्णा," आणि भिंतीला धरून परत गेला. सुटून आल्यावर अंबुबाईनं मला विचारलं, तुम्ही का न्हाय अडवलं त्यांना? मी म्हणालो, लई सांगितलं, हातापाया पडलो, पण ऐकलंच नाही त्यानं. हे मी बोललो, मालू. तुझ्या आईनं पंधरा वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो हट्ट भरमूनं कधी केलाच नव्हता. त्याला घरी यायचं होतं, तुला बघायचं होतं, आणि त्यानं माझी परवानगी मागितली होती. शनिवारच्या मोटारीनं बोरगावला जा आणि हे पत्र आईला सगळं वाचून दाखव. तिला वाचता येत नाही, आणि तिच्यासमोर बसून हे बोलायचं धैर्य मला आजही झालं नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
अण्णा