माळ घालायच्या आधीचा शनिवार

२५ ऑक्टोबर १९७९, गुरुवार

अखेर अट कळली! देवराम बुवांकडून मध्यस्थ आला होता. आपली लती त्यांच्या मुलाला, गोरक्षला पसंत, घर पसंत, देण्याघेण्याचं नावही नाही. फक्त एक — "मुलीच्या बापाने माळ घालावी. माळकऱ्याच्या घराला पिणाऱ्याची सोयरीक नको." बुधवारी एकादशी. त्या दिवशी माझ्या गळ्यात तुळशीची माळ पडली की साखरपुड्याचा दिवस धरायचा.

म्हणजे मटण बंद. दारू बंद. जन्मभर!

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? चतुरा दाराआड उभी राहून ऐकत होती. मध्यस्थ गेल्यावर म्हणाली, "त्या घरात कुणी थेंब घेत नाय. माझं जे झालं ते लतीचं नको व्हायला." एवढंच बोलली आणि भाकरी थापायला बसली. दर बाजारच्या दिवशी मी घरी कसा यायचो ते तिला सगळं आठवतं, मला निम्मंच. मनाला लागलं.

पण इथे खोटं कशाला लिहू — जिभेलाही लागलं.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

द्राक्षबागेची छाटणी उरकली. चतुराला सांगितलं, फवारणीचं औषध आणायला नाशिकला जातो, मुक्काम पुंजारामाकडे. औषध दिंडोरीतही मिळतं. तिने पिशवी आणून दिली.

२७ ऑक्टोबर, शनिवार. देवळाली कॅम्प, दुपार

पोट नगाऱ्यासारखं झालंय, पण हात चालतोय तोवर लिहितो.

पुंजाराम म्हणजे माझा साडू. कॅम्पात सुतारकाम करतो. त्याला म्हटलं, बुधवारपासून मी संपलो, तेव्हा दोन दिवसांत जन्माचं खायचंय. तो असा खूश झाला, जसं काही त्याच्याच घरचं कार्य! सकाळी सकाळी मेन रोडला मिसळ. तर्री दोनदा मागितली, वर पापड, वर दही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी तिसरा पाव. तिथून रविवार कारंजावर गरम जिलेबी. मग म्हणाला, भजी न खाता नाशिक सोडलंस तर पाप लागेल. तेही पाप टाळलं.

घरी आलो तर कुसाबाईने — चतुराची धाकटी बहीण — अंडी उकडून ठेवलेली. मी म्हटलं, अगं, आज शनिवार. पुंजाराम म्हणतो, "येड्या, बुधवारपासून तुला बारा महिने शनिवारच हाय! खा!"

कुसाबाई हसली नाही. म्हणाली, "ताईला सांगून आलाय ना दाजी?" मी पाणी प्यायलो.

रात्री भद्रकालीत मटण, आणि नदीकडच्या मैदानात तमाशाचा तंबू पडलाय. आता जरा पडतो.

२८ ऑक्टोबर, रविवार. कॅम्प

डोकं ठणकतंय. पण कालचं लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

खाणावळीत गेलो. बाकडी, धूर, काळ्या मसाल्याचा वास. आम्ही सुकं, वजडी आणि रस्सा सांगितला. पुंजारामाने शेजारच्या जवानाकडून मिळवलेली रमची बाटली पिशवीतून काढली. पहिला घोट पोटात गेला आणि सहज कोपऱ्यात बघितलं —

गोरक्ष!

देवराम बुवांचा गोरक्ष. लतीला बघायला आला तेव्हा मान वर केली नव्हती पोराने. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, चहाही नको म्हणाला होता. आणि इथे पुढ्यात रश्श्याचं ताट, बाजूला ग्लास, गळा रिकामा. माळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेली. ते नंतर त्यानेच दाखवलं.

त्याने मला बघितलं. ताडकन उठला, पाया पडायला वाकला, हात रश्श्याने बरबटलेले, मग तसाच वाकलेला राहिला. "मामा, तुमी?" मी म्हटलं, "औषध न्यायला आलो होतो." इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात बोललो नसेन. पुंजारामाला हसू आवरेना. "अरे, बसा की एकाच बाकावर, घरचीच माणसं!"

आणि बसलो! काय सांगू, पोरगा गोड बोलतो. म्हणाला, "मी शाळेत जायच्या आधीच बापाने माळ घातली माझ्या गळ्यात. मला कुणी इचारलं? बापाला सांगायची छाती नाय, म्हणून हितं येतो." माझ्या ताटात स्वतःच्या हाताने नळी वाढली. मी ती चोखून खाल्ली.

मग हळूच म्हणाला, "मामा, तुमी मला बघितलं नाय. मी तुमाला नाय."

मी हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

एकच प्रश्न ओठावर आला होता — तू रोज घेतोस का रे? कुठल्याही बापाने आधी हेच विचारलं असतं. पण माझ्याच हातात ग्लास होता. कुठल्या तोंडाने विचारू? गिळला. रमबरोबर.

तिघं मिळून तमाशाला गेलो. गवळण रंगली तेव्हा मी टोपी उडवली. ती पुढच्या रांगेत पडली. जावई होऊ घातलेल्या पोराने शिट्ट्यांतून वाट काढत ती आणून दिली, झटकून, दोन्ही हातांनी. तेव्हा मी पोट धरून हसलो. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

आज संध्याकाळी पुंजारामाच्या घरी परत मटण होतं. ताटावर बसलो, दोन घास खाऊन उठलो. पुंजाराम म्हणाला, "झालं? एवढ्यात माळकरी झालास?"

२९ ऑक्टोबर, सोमवार. घर

पोट बिघडलं. सकाळपासून परसाकडच्या वाऱ्या. चतुराने ओवा आणि काळं मीठ दिलं. औषधाचा डबा मात्र विसरलोच! तिने रिकामी पिशवी खुंटीला लावली.

३० ऑक्टोबर, मंगळवार

बागेत एकटाच बसलो होतो. छाटलेल्या काडीवर डोळे फुगलेत, आता कोंब फुटतील.

लोक लेकीसाठी मुलाची चौकशी करायला गावोगाव हिंडतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात. मला बसल्या जागी सगळं दिसलं आणि मीच तोंडाला कुलूप लावून आलो. चतुराला सांगावं तर — "तुम्ही तिथं काय करत होतात?" माळेचा शब्द देऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर! सोयरीक मोडेल, गावभर होईल. न सांगावं तर? गोरक्ष उद्या बाजारच्या दिवशी माझ्यासारखाच झोकांड्या खात घरी यायला लागला तर लती कुणाला सांगेल?

कधी वाटतं, पोरगा वाईट नाही. खातो तर खातो. मी नाही खाल्लं? पण मी प्यायलो म्हणूनच तर चतुराचं असं झालं ना!

नाही कळत.

३१ ऑक्टोबर, एकादशी

मारुतीच्या देवळात देवराम बुवांनी स्वतः माळ घातली. पोथीवर हात ठेवायला सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं भक्तीने. गोरक्ष टाळ घेऊन उभा, गळ्यात माळ. माझ्याकडे बघत नव्हता.

चतुराने आज लग्नातलं लुगडं नेसलं होतं. वाटेत म्हणाली, "आता मला कसली काळजी नाय." असं हलकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मान खाली घालून चालत राहिलो.

३ नोव्हेंबर, शनिवार

साखरपुडा पुढच्या रविवारी ठरला. चतुरा गाणी म्हणत गहू निवडतेय. तीनदा तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. एकदा म्हणाली, "काय हवंय?" म्हटलं, "तंबाखू."

७ नोव्हेंबर, बुधवार

सुक्या बोंबलाचा वास आला शेजारून. आतडं तुटलं! पण तेवढं काही नाही, सोसतो. जिभेचं सोपं आहे.

१० नोव्हेंबर, शनिवार

बुवा आणि गोरक्ष उद्याचं ठरवायला आले होते. बुवा चतुराशी मानपानाचं बोलत बसले. गोरक्ष म्हणाला, बाग बघायचीय. मी उठलो तर म्हणाला, "तुमी बसा मामा, लता दाखवतील." बुवांच्या कपाळाला आठी पडली, पण दिवसाउजेडी, समोर द्राक्षांच्या मांडवाखाली, म्हणून गप्प बसले. ओट्यावरून मला दोघं दिसत होती. तो बोलत होता, ती वेलाचं पान चुरगाळत होती. एकदा त्याने खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

माझ्या हातातला चहा निवून गेला.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

लती गोठ्याशी आली. म्हणाली, "आप्पा, त्यांनी सगळं सांगितलं मला. महिन्यातून एकदा नाशिकला जातात. खातात, पितात. रोज नाय. बापाला ठाऊक नाय. म्हणाले, चालत असंल तर हो म्हण, नायतर मीच कायतरी निमित्त काढून मोडतो, तुझ्यावर बोल येऊ देणार नाय."

मी विचारलं, "कुणाबरोबर जातो ते बोलला का?"

"एकटाच म्हणाले. आमच्या ओळखीचं तिथं कुणी भेटत नाय म्हणाले."

पोराने शब्द पाळला. गाईच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, "त्या शनिवारी एकटा नव्हता तो. मी होतो."

लतीने गाईचं दावं सोडून परत बांधलं. मग म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं. तुमी आईला सांगा. मग मी उद्या हो म्हणते."

बुवांची अट माळेची होती. तिची ही.

चतुरा चुलीपुढे आहे. उठतो.